डॉज डब्ल्यूसी-५२ : इंजिन जाम आहे, सुरुवात कुठून करू?

गंजका_पाना:
नमस्कार मंडळी, एकदाचा घेतलाच ट्रक. डब्ल्यूसी-५२, पाऊण टनी, पुढे विंचवाला (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र), दुसऱ्या महायुद्धातला. किती वर्षं शेडमध्ये पडून होता देव जाणे. इंजिन जाम आहे, हँडल घालून लोंबकळलो तरी तसूभर हलत नाही. मित्र म्हणतो गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढ, सुटेल आपोआप. मी म्हणतोय तोवर चासीपर्यंत सगळं खोलून सँडब्लास्ट करून रंग मारून घ्यावा, निदान दिसायला तरी बरा होईल. चुकतंय का काही?

ऑइलचे_हात:
ओढू नका, हात जोडतो. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरून बसलेल्या असतात, ओढलं की रिंगा तरी तुटतात नाहीतर रॉड तरी वाकतो. आधी स्टार्टर काढून बघा, कधी कधी बेंडिक्सच (स्टार्टरचं पुढे सरकणारं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दातांत अडकलेला असतो आणि आपण उगाच इंजिनाला शिव्या घालतो. तरी नाही हललं तर हेड उतरवा. २३० क्युबिक इंचाचं फ्लॅटहेड आहे, वॉल्व्ह सगळे ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट मात्र सावकाश, गंजलेला असला की मुंडी हातात येते. मग सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं, आणि आठवडाभर विसरून जा. नंतर हँडल मागेपुढे, मागेपुढे, एकाच बाजूला जोर नको.

जुनं_लोखंड:
इंजिन राहू दे, चाकांना हात लावलायस का अजून?? ती रिम दोन भागांची आहे, बाहेरच्या गोलातले नट ते दोन भाग धरून ठेवतात आणि आतल्या गोलातले चाक हबला. टायरात हवा असताना बाहेरचे नट सोडलेस तर रिम तोफगोळ्यासारखी अंगावर येते, माणसं मेलीत त्याने. आधी वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ दे मगच पाना लाव. आणि डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं.

बारा_व्होल्ट:
इलेक्ट्रिकचं ६ व्होल्ट काढून १२ करून टाक, डोक्याला ताप नाही.

ऑइलचे_हात:
काही गरज नाही हो. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, लोक १२ व्होल्टच्या बारीक केबल टाकतात आणि वर म्हणतात स्टार्टर मरतुकडा आहे. जाड केबल टाका, अर्थिंगची जागा चकचकीत घासा, झकास फिरतो.
आणि सँडब्लास्टची घाई नको. पातळ पत्रा वाकडा होतो ते वेगळंच. बॉनेटच्या बाजूला बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून एकेक थर हळूहळू घासा, खाली लष्कराचा मूळ नंबर निघू शकतो. ब्लास्ट केलात की गेला कायमचा.

गंजका_पाना:
स्टार्टर काढला, तरी जाम. हेड उतरवलं. पाचव्या सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा राहिला होता, दमट हवा तिथूनच गेली असणार, आत नुसता लाल चुरा. मिश्रण ओतून ठेवलंय. बॉनेटवर एक ४ आणि अर्धा ८ दिसायला लागलाय!
डाव्या चाकाचा एक स्टड मात्र तुमचं वाचायच्या आधीच मोडून बसलो होतो.