ताण ओसरला, पहाटे तीनची जाग मात्र राहिली: अंथरुणातला वेळ वाढवायचा की कमी करायचा?

तिसरा_प्रहर
दोन आठवड्यांची नोंद अशी आहे: अंथरुणात रात्री १० ते सकाळी ६:३०. डोळा लागायला पाऊण तास, तीनच्या सुमारास जाग आणि पुढे सुमारे दोन तास टक्क जागं. प्रत्यक्ष झोप सरासरी पावणेसहा तास. सुरुवात मार्चअखेरच्या कामाच्या ताणाने झाली. काम संपून चार महिने झाले, जाग काही जात नाही. घरूनच काम असल्याने दुपारी तासभर वामकुक्षी होते, साडेपाचला चहा. घरचे म्हणतात साडेनऊलाच आडवं व्हावं. स्लीप रिस्ट्रिक्शनमध्ये (अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची पद्धत) नेमकं उलट सांगतात. गणित कसं मांडायचं आणि ते कुठे फसतं?

कापूसगादी
साडेनऊ नकोच. ताणामुळे झोप उडते ती बहुतेकदा ताण ओसरला की परतते. ती परतू देत नाहीत त्या आपण झोप भरून काढायला लावून घेतलेल्या सवयी: लवकर आडवं होणं, लांबलेली वामकुक्षी, जाग आल्यावर पडून राहणं. झोपेचे संशोधक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत याच सवयींवर घाव घालते.

तुमचं गणित: पावणेसहा भागिले साडेआठ, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी ६८ टक्के झोप. हवं ८५च्या वर. आधी उठायची वेळ ठरवा, समजा सकाळी ६. तिथून पावणेसहा तास मागे या: रात्री सव्वाबारा. त्याआधी पाठ टेकायची नाही, पेंग आली तरी. सात दिवसांनी पुन्हा सरासरी काढा. झोप सव्वापाच तास भरली तर ९१ टक्के, मग पुढच्या आठवड्यात १२ वाजता. दर खेपेला १५ मिनिटंच वाढवा. ८० ते ८५ असेल तर तसंच चालू ठेवा, ८०च्या खाली गेलं तर १५ मिनिटं कमी करा. पण अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नका.

फसतं ते बहुतेक वेळा रात्री दहाला सोफ्यावर. टीव्हीसमोर वीस मिनिटं डुलकी लागली की दिवसभर साचलेली झोपेची भूक तिथेच भागते आणि सव्वाबाराला डोळे उघडेच. दुसरी चूक रविवारची: आठपर्यंत झोपलात तर त्याच रात्रीची झोप गेली. तिसरी म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी सोडून देणं. पहिले दोन आठवडे दिवसा झापड येतेच. त्या काळात दुचाकी आणि लांबचं ड्रायव्हिंग टाळा, इथे हयगय नको.

नीरव_रात्र
तीनच का, तेही सांगायला हवं. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात होते. उत्तररात्री ती उथळ असते, स्वप्नं जास्त पडतात, आणि पहाटेकडे कॉर्टिसॉल हे शरीराला जागं करणारं संप्रेरक चढू लागतं. या टप्प्यावर क्षणभर जाग सगळ्यांनाच येते. ताणलेला माणूस त्या क्षणी घड्याळ बघतो, 'आता तीनच तास उरले' असा हिशेब करतो आणि त्या हिशेबानेच पूर्ण जागा होतो. म्हणून घड्याळ भिंतीकडे वळवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर लागतोच, मग वेळ कशाला बघायची?

अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठा. (घड्याळ न बघता, अंदाजच पुरे.) मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक चाळा. डोळे जड झाले की परत या, नाही झाले तर पुन्हा उठा. हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचं १९७२चं तंत्र. अंथरूण म्हणजे तळमळ ही मेंदूला लागलेली सवय त्याने सुटते. त्या वेळात ऑफिसचा मेल उघडणं सर्वांत वाईट.

काळजीला संध्याकाळी सातची वेळ द्या. १५ मिनिटं, वही-पेन. डावीकडे काळजी, उजवीकडे उद्याचं एकच लहान पाऊल. 'जीएसटीचं काय होणार' याचं उजवीकडे 'सकाळी दहाला सीएंना फोन' होतं. तीनला तोच विचार आला तर तो वहीत आहे, एवढंच स्वतःला सांगायचं.

वामकुक्षी पहिले दोन आठवडे बंद. नंतर हवी तर २० मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा शेवटचा चहा दुपारी दोनपर्यंत.

दिवा_मंद
सुरू करण्याआधी थोडं थांबा. अपस्मार, बायपोलर विकार किंवा झोपेत चालण्याचा त्रास असेल तर ही पद्धत डॉक्टरांशिवाय करू नये. कमी झोपेने झटका किंवा उन्माद उद्भवू शकतो. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, सकाळी डोकं जड असणं ही लक्षणं असतील तर आधी स्लीप अॅप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची) तपासणी हवी.

ओळखीच्या केमिस्टकडून अल्प्राझोलाम ही गुंगी आणणारी गोळी आणू नका. ते औषध नियमांच्या एच-१ यादीतलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नव्हे. आधीपासून घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते, आणि तुमची अडचण तर उत्तररात्रीचीच आहे.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं चाललं की तो जुनाट निद्रानाश, आणि तुमचे चार झाले आहेत. अशा वेळी गोळीआधी सीबीटी-आय (निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती) द्यावी, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ची शिफारस आहे. वरची स्पीलमन आणि बूटझिन यांची तंत्रं त्यातलीच. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

तिसरा_प्रहर
एखाद्या शनिवारी लग्नाहून यायलाच दीड वाजला तर?

कापूसगादी
तरी सहालाच उठा, दुपारी झोपू नका, रात्री पुन्हा सव्वाबारा. ती रात्र नोंदीत लिहा, पण सरासरीतून वगळा, नाहीतर आठवड्याचा आकडा उगाच बिघडेल.