कोट्यवधी मिळतात, मग टेन्शन कसलं?

वर एकांनी क्रिकेटपटूंबद्दल हा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो. अहो, ऑक्टोबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलनं अ‍ॅडलेडला श्रीलंकेविरुद्ध २८ चेंडूंत ६२ ठोकल्या आणि चारच दिवसांत मन थकलं म्हणून सुट्टी घेतली. म्हणजे धावा निघत असतानाही आतून माणूस पोखरलेला असतो. २०२१ मध्ये इंग्लंडचा बेन स्टोक्सही असाच थांबला होता.

गेल्या वर्षी सोलापूरच्या पार्क मैदानावर पुतण्याची निवड चाचणी होती. तिसऱ्याच चेंडूवर बोल्ड. पोरगं पॅडही न सोडता स्टँडमागं बसून राहिलं, डब्यातली कडक भाकरी अन् शेंगाचटणी तशीच. घरापर्यंत चकार शब्द नाही. बघायला कोण, तर मी आणि एक चहावाला! या मोठ्या खेळाडूंकडं बघायला तर अख्खा देश मोबाइल घेऊन बसलेला असतोय की ओ.