अमेरिकेतील कॉलेज टेनिस : ‘शंभर टक्के शिष्यवृत्ती’ची हमी खरी मानावी का?

नेरुळची आई
माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत असून गेली आठ वर्षे वाशीत टेनिस खेळतो आहे. 18 वर्षांखालील मानांकन स्पर्धांसाठी सतत फिरावे लागत असल्याने त्याचा अर्धा अभ्यास रेल्वेतच होतो. एका एजंटाने अमेरिकेत ‘डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात) शंभर टक्के शिष्यवृत्ती’ची हमी देऊन अडीच लाख रुपये मागितले आहेत. अशी हमी देता येते का? बारावीनंतर वर्षभर थांबून केवळ खेळावर भर द्यावा का?

बेसलाइन ठाणे
ताई, हमी कोणालाच देता येत नाही, कारण शिष्यवृत्ती कोणाला किती द्यायची हे संघाचा प्रशिक्षक ठरवतो. 2024-25 पर्यंत डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या संघाला 8 पूर्ण शिष्यवृत्ती देता येत, मुलांच्या अख्ख्या संघाला मात्र 4.5, आणि त्यांचे तुकडे आठ-दहा जणांत वाटले जात. 2025-26 पासून, खेळाडूंना मोबदला देण्याबाबतचा न्यायालयीन समझोता स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा जाऊन संघात जास्तीत जास्त 10 खेळाडू असा नियम आला. म्हणजे पैसा वाढू शकतो, जागा नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते.

मी तिथल्या कॉलेज संघात सहाव्या क्रमांकावर खेळत असे. दोन संघांच्या लढतीत तीन दुहेरी सामन्यांचा मिळून एक गुण, सहा एकेरींचे सहा. चार गुण झाले की निकाल लागतो आणि बहुधा उरलेले सामने तिथेच थांबवतात. तिसऱ्या सेटमध्ये 4-4 असताना माझा सामना असाच थांबला आणि नोंदीत ‘अपूर्ण’ राहिला. म्हणून प्रशिक्षकाला विचारायचे ते हेच, की मुलगा पहिल्या सहांत बसतो का. त्यासाठी यूटीआर (खेळाडूची पातळी दाखवणारे जागतिक टेनिस मानांकन) आणि काटछाट न केलेल्या दोन सेटचे चित्रण पाठवावे. निवडक विनर (थेट गुण मिळवणारे फटके) पाहून कोणी भुलत नाही.

वर्षभर थांबण्याबाबत सावध राहा. माझ्या वेळी शाळा संपल्यावर सहा महिन्यांची सवलत होती. त्यानंतर स्पर्धा खेळल्यास कॉलेजकडून खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष जात असे. सध्याचा नियम विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागाकडून लेखी घ्यावा.

खारघरचे काका
माझी मुलगी तिथे खेळते, म्हणून एक खर्च सांगतो, जो एजंट सांगत नाहीत. शिष्यवृत्तीतील शिक्षणशुल्कावर कर नसतो, पण निवास आणि जेवणाचा भाग करपात्र धरला जातो व एफ-1 व्हिसावरील विद्यार्थ्याकडून त्यावर सहसा 14 टक्के आधीच कापले जातात. भारत-अमेरिका कर करारामुळे आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळते, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर त्यातील बरेच परत येऊ शकतात. आमचे पहिल्या वर्षी ते भरायचेच राहिले होते.

शिवाय पदवीचा विषय आधी ठरवा. आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन 2007 आणि 2008 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाकडून एनसीएए (अमेरिकेतील कॉलेज खेळांची संघटना) एकेरी विजेता ठरला, पण संघातील बहुतेकांना चार वर्षांनी नोकरीच शोधावी लागते.

नेरुळची आई
दोघांचेही आभार. एजंटाला हमी लेखी मागितली, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. आज सकाळी मुलाने मोबाइल कोर्टच्या जाळीला सुतळीने बांधून दोन सेट चित्रित केले; त्यातला दुसरा तो 6-1 असा हरला आहे. तोही पाठवावा का?

बेसलाइन ठाणे
जरूर पाठवा.