उगामुगा

परवा अमळनेरजवळ मळ्यात भरताचा बेत होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, आणि भोवती आम्हा दहाबारा जणांची बडबड. माझा भाचा मात्र काडीनं वांगी फिरवत बसलेला, तोंडातून शब्द नाही. पुण्याहून आलेली वहिनी म्हणाली, "फारच घुम्या आहे हो हा." आईला ते आवडलं नाही. "घुम्या नको म्हनू, उगामुगा शे तो."

वहिनीनं अर्थ विचारला, तेव्हापासून हा शब्द डोक्यात आहे. आमच्याकडे लहानपणी रोज कानावर पडायचा: "काबर उगामुगा बठेल शे रे भाऊ?" म्हणजे गप्पगप्प, निमूट. पण शब्द एकट्या अहिराणीचा, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीचा, नाही. जुन्या मराठीत 'उगा राहणे' म्हणजे गप्प राहणे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (दुसरी आवृत्ती १८५७) 'उगा'चा पहिला अर्थ शांत, निमूट असाच आहे. प्रमाण मराठीत तो अर्थ मागे पडला आणि 'उगाच' म्हणजे 'विनाकारण' तेवढं उरलं. काही न करता गप्प बसलेला तो उगा, मग ज्याला काही कारण नाही ते उगाच, असा प्रवास झाला असावा. जुना अर्थ अगदीच गेलेला नाही म्हणा. रडणाऱ्या पोराला आपण "उगी, उगी" करतो ते काय आहे?

'मुगा'चं काय? अघळपघळमधल्या पघळसारखं ते नुसतं यमक असेल, असं बरेच जण म्हणतील. मला त्यात 'मूक' दिसतो. प्रकटचं प्रगट होतं, मकरची मगर होते, तसा मूकचा मुगा. 'मूग गिळून बसणे' यातही डाळीचे मूग नसून हाच मूक असावा असा मला दाट संशय आहे. पुरावा मागू नका.

घुम्या मात्र वेगळा. त्यात 'घुमणं' आहे, रिकाम्या घागरीत आवाज घुमतो तसं काहीतरी आत चाललंय आणि हा बाहेर सांगत नाही, असा आरोप आहे. म्हणून आई चिडली. उगामुगावर असा कसलाच ठपका नाही. मुखदुर्बळमध्ये कीव येते, मख्खमध्ये अक्कल निघते. अबोल बरा, पण तो कवितेतला. वांगी भाजताना कोण म्हणेल?

भाचा त्या सगळ्या चर्चेत एकदाच बोलला: "वांगं जळी ऱ्हायनं."

रावेर-यावलकडच्या लेवा बोलीत अशा माणसाला काय म्हणतात? तिकडच्यांनी सांगा.