राम व्हायला कोणी तयारच नाही!

पंचवटीकरीण:
आमच्या सोसायटीत दसऱ्याला लहान मुलांचं छोटंसं रामायण बसवतोय. ६ ते ९ वयाची ११ पोरं. रोल वाटायला बसलो तर ७ जणांना रावणच व्हायचंय, दोघांना शूर्पणखा (हो, त्यातला एक मुलगा आहे), एकीला हनुमान, आणि एक नुसताच रडत होता. राम शून्य. आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, राम नुसता उभा राहतो." आणि हे सगळं पंचवटीत चाललंय बरं का, जिथं लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक नाव पडलं असं आपण पाहुण्यांना सीतागुंफेच्या लाइनीत उभं राहून सांगतो. हसू नका, मला खरंच काळजी वाटतेय. पोरांना वाईटच का आवडतं?

कॉलेजरोडचे आजोबा:
काळजी वाटायलाच हवी. पूर्वी वाईट माणूस वाईटच असायचा. हल्ली त्याचं बालपण दाखवतात, बाप मारायचा, शाळेत चिडवायचे, मग पोरगं म्हणणारच ना की त्याचं पण बरोबर आहे. परवा आमच्या नातवाने धाकटीची कंपासपेटी हिसकली आणि कमरेवर हात ठेवून असा काही गडगडाटी हसला की मीच दचकलो. रडणाऱ्या पोरीकडे बघत पण नव्हता हो.

जुन्या वाड्यातला:
आजोबा, हल्ली कुठलं? गब्बर आला १९७५ ला, आणि नंतर त्याच गब्बरला घेऊन ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात केली. बिस्किटं कोण खातं, पोरंच ना? कंपनीवाल्यांना तेव्हाच कळलं होतं. मग १९८७ ला मोगॅम्बो, १९९३ ला तात्या विंचू. मी स्वतः रात्री बहिणीची बाहुली कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवायचो, इतकी तंतरायची, आणि सकाळी वाड्याच्या चौकात तात्या विंचू मीच व्हायचो. मंत्र म्हणत सगळ्यांच्या मागे पळायचं. ज्याची भीती वाटते तेच आपण झालो की रात्रीची झोप जरा बरी लागते, एवढंच असतं ते. आणि खोट्याखऱ्यात गोंधळ मोठ्यांचाच जास्त होतो, निळूभाऊ फुले आयुष्यभर सेवादलाचे साधे कार्यकर्ते, पण बायका त्यांना समोर बघून पदर सावरायच्या.

नाटकवाली ताई:
मी बालनाट्याची शिबिरं घेते, अनुभव सेम. चिरंजीव बरोबर बोलले. खलनायकाला काहीतरी हवं असतं, तो उठतो, प्लॅन करतो, गोष्ट तोच हलवतो. हिरो काहीतरी बिघडल्यावर येतो. शिवाय पोराला दिवसभर हे नको, ते नको, हात धू, आणि रावणाला लंकेत नको म्हणणारं कोणीच नाही (बिभीषणाने म्हणून बघितलं). आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडे बोहाडा (आदिवासी पाड्यांतला सोंगांचा उत्सव) बघा कधी. रात्रभर संबळ, तोंडावर मुखवटे, राक्षसाचं सोंग नाचत आलं की पोरं किंचाळत मागे पळतात आणि दोन मिनिटांत पुन्हा पहिल्या रांगेत.

गंगापूररोडकर बाबा:
ताई, इथेच माझं पटत नाही. बोहाड्याचा मुखवटा सकाळी उतरतो. आमच्या पाचवीतल्या पोराच्या दप्तरावर जोकर आहे (सर्कशीतला नाही, बॅटमनचा खलनायक), तो कधी उतरतच नाही. २०१९ चा तो पिक्चर आपल्याकडे 'ए' सर्टिफिकेटवर लागला होता, म्हणजे पोराने बघितलेला नाही, बघायचाही नाही, नुसते रील्स बघितलेत. गोष्ट नाहीच, फक्त हसणं आणि सिगरेट. रावण शेवटी जळतो हे तरी पोरांना दिसतं ना.

जुन्या वाड्यातला:
दप्तराचं मान्य. पण ते दप्तर घेऊन कोणी दिलं बाबा 😄

गंगापूररोडकर बाबा:
मामाने. मामाशी बोलणं चालू आहे.

पंचवटीकरीण:
अपडेट देते. सातही जणांचा मिळून एकच रावण केलाय! एकामागे एक उभे राहून डोकी बाहेर काढायची, उरलेली ३ पुठ्ठ्याची. भांडण फक्त मधलं डोकं कोणाचं यावर. रडणारा म्हणतो धनुष्य खरं वाकणारं असेल तर राम होतो, पण अजून नक्की नाही. ड्रेपरीवाला म्हणाला, रामाचा मुकुट हवे तितके दिवस ठेवा, रावणाच्या मिशा मात्र त्याच रात्री परत, दुसऱ्या दिवशीचं बुकिंग आहे.