शब्दचर्चा : ‘स्वेटशॉप’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक वाचनपुस्तिका मराठीत आणते आहे. विषय आहे गरीब देशांतले तयार कपड्यांचे कारखाने. ‘स्वेटशॉप’ (तुटपुंज्या मजुरीत, जादा तास, वाईट जागेत माणसं राबवणारा कारखाना) हा शब्द तिच्यात जवळपास प्रत्येक पानावर येतो आणि मी पहिल्याच पानाला अडले आहे. नमुन्याला तीन वाक्यं देते.

(अ) २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण मेले आणि त्यानंतर तिथल्या स्वेटशॉपना चाप लावणारे कायदे झाले.

(आ) ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, तेव्हा तिच्यात पाच स्वेटशॉप चालू होते.

(इ) काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की गरीब देशांत स्वेटशॉप आहेत ही अडचण नाही, ते फार कमी आहेत ही अडचण आहे.

‘घामशाळा’, ‘शोषणकेंद्र’, ‘पिळवणूक कारखाना’ असे शब्द सुचले. पहिल्या दोन वाक्यांत ते कसेबसे बसतात. तिसऱ्यात ‘पिळवणूक फार कमी आहे ही अडचण’ असं होतं आणि तो अर्थतज्ज्ञ राक्षस वाटायला लागतो. त्याला तसं म्हणायचं नाही. उलट ‘छोटा कारखाना’ म्हणावं तर पहिली दोन वाक्यं खोटी पडतात. मला तिन्ही ठिकाणी चालणारा एकच शब्द हवा आहे. वाद त्या शब्दाच्या अर्थावरच चालू आहे, त्यामुळे वाक्यागणिक शब्द बदलला तर विद्यार्थ्याला वाद कळणारच नाही.

प्रतिसाद

‘घामशाळा’ नको. धर्मशाळा, पाठशाळा, गोशाळा… ‘शाळा’ म्हटलं की आसरा डोळ्यांपुढे येतो. आणि घाम तर आपल्याकडे मानाचा. निढळाच्या घामाची भाकरी खाणारा माणूस ताठ मानेने सांगतो की घाम गाळून खातो म्हणून. त्या शब्दाने कुणाची कीव वाटणार नाही, की कुणाचा रागही येणार नाही.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो, कारण घोटाळा इथेच आहे. इंग्रजीतही हा घाम कामगार स्वतःहून गाळत नाही, दुसरा कुणीतरी तो काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या शिंपीकामात ‘स्वेटर’ हे माणसाचं नाव होतं. दुकानाकडून कापड उचलायचं, आपल्यापेक्षा गरजू शिंप्यांना पोटमाळ्यावर बसवून ते शिवून घ्यायचं आणि मधला फरक खिशात घालायचा, हा त्याचा धंदा. आपण थंडीत घालतो त्या स्वेटरला ते नाव नंतर मिळालं, खेळाडू घाम यावा म्हणून तो घालत त्यावरून.

या पद्धतीची चौकशी करायला ब्रिटनच्या उमराव सभेने १८८८ साली समिती नेमली. तिने १८९० पर्यंत साक्षी घेतल्या आणि तीन खुणा सांगितल्या : मजुरी वाजवीपेक्षा फार कमी, कामाचे तास अति, जागा रोगट. यात कारखान्याचा आकार कुठेच नाही. १९०९ च्या कायद्याने चार धंद्यांत किमान मजुरी ठरवायला मंडळं नेमली. तयार कपडे, कागदी खोके, लेस आणि साखळ्या असे ते चार धंदे. म्हणजे लोखंडी साखळी घडवणारी बाईसुद्धा या शब्दात बसत होती.

तेव्हा ताई, ‘शॉप’ला अडून राहू नका. या शब्दाचा जीव ‘स्वेट’ या क्रियापदात आहे आणि ते सकर्मक आहे. कोण कुणाला काय करतं, हे मराठी शब्दातून दिसायला हवं.

प्रतिसाद

मी भाषेतली जाणकार नाही. पण माझ्या आईने कुर्ल्याच्या चाळीत पंधरा वर्षं धागाकटिंग केलं, म्हणून लिहिते.

शेठचा माणूस सकाळी गठ्ठा टाकून जायचा. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते धागे छोट्या कात्रीने कापायचे, काजं तपासायची, बटणं लावायची. पैसे नगावर. कापडाला कात्री लागली तर त्या नगाचे पैसे तर जायचेच, वर दंडही कापायचे. पावसाळ्यात कपडे ओलावू नयेत म्हणून पलंग गठ्ठ्यांना आणि आम्ही भावंडं खाली. हिशेब महिनाअखेरीला, तोही निम्मा. उरलेला पुढच्या मालाबरोबर. पुढचा माल घेतला नाही तर मागचे पैसे अडकले, असं ते चक्र.

या सगळ्याला आमच्याकडे काही नाव नव्हतं. आई ‘माल आलाय’ म्हणायची, ‘माल गेला’ म्हणायची. शोषण, पिळवणूक हे शब्द मी कॉलेजात ऐकले. आई एवढंच म्हणायची, “त्याला आपली नड कळलीय.” आणि हेही खरं की एक महिना माल आला नाही तेव्हा ती स्वतः त्याच्या गाळ्यावर जाऊन उभी राहिली होती. तो फसवतो आणि तो आला नाही तर चूल थंड, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. तुमचा शब्द या दोन्ही गोष्टी धरणारा असावा, एवढीच विनंती.

प्रतिसाद

‘वेठ’ आहे की! संस्कृत ‘विष्टि’वरून आलेला अस्सल जुना शब्द. बिगार फारसीतून आला आणि दोन्ही मिळून वेठबिगार झाला. ‘वेठशाळा’ म्हणा किंवा ‘वेठखाना’.

प्रतिसाद

वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीने घेतलेलं काम. बांगलादेशातली मुलगी गावातून निघून, ओळखीच्या बाईला धरून ‘गार्मेंट्स’मध्ये नोकरी मिळवते. तिथे कारखान्यालाच ‘गार्मेंट्स’ म्हणतात. ही वेठ कशी?

तिसरं वाक्य नीट समजून घ्यायचं तर तिच्यापुढचे बाकीचे रस्ते बघावे लागतात. १९९३ च्या सुमाराला अमेरिकेत बालमजुरांच्या मालावर बंदी आणणारं विधेयक पुढे आलं. ते मंजूरही झालं नव्हतं, तरी धास्तीने ढाक्याच्या मालकांनी हजारो मुलांना कामावरून काढलं. त्यातली कित्येक मुलं शाळेत न जाता खडी फोडायला गेली. मुलांना काढण्याआधी शाळेची सोय करायची, असा करार व्हायला १९९५ साल उजाडलं. कारखान्यांच्या जवळच्या गावांत मुलींची लग्नं उशिरा होतात आणि त्या जास्त वर्षं शाळेत राहतात, असंही बांगलादेशातल्या पाहणीत दिसलं आहे. हे क्षुल्लक नाही. माझ्या मते तुमच्या तिसऱ्या वाक्यातला अर्थतज्ज्ञ निम्मा बरोबर आहे.

निम्माच का, तेही सांगतो. क्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टेफान डरकॉन या अर्थतज्ज्ञांनी इथिओपियात पाच कारखान्यांच्या नोकऱ्या अर्जदारांना चिठ्ठ्या टाकून वाटल्या. ज्यांना नोकरी लागली त्यांतल्या पाऊण भागाहून जास्त जणांनी वर्षाच्या आत ती सोडली. बाहेर फुटकळ कामं करणाऱ्यांपेक्षा त्यांची कमाई जास्त नव्हती, तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या होत्या. म्हणजे ‘ते स्वखुशीने येतात’ इथेच थांबून चालत नाही. येतात, आणि जमेल तेव्हा जातातही. दुसरीकडे इंडोनेशियात १९९० च्या दशकात मोठ्या ब्रँडच्या बुटा-कपड्यांच्या कारखान्यांवर बाहेरून दबाव आला. तिथे मजुरी वाढली आणि नोकऱ्या फारशा बुडाल्या नाहीत, काही छोटे कारखाने तेवढे बंद पडले. ‘मजुरी वाढवली की काम जाईल’ ही धमकी दर वेळी खरी नसते.

प्रतिसाद

वेठीचा शब्द असा सहज सोडू नका. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरात ‘बेगार’ हा शब्द तसाच आहे. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करावं लागलेलं काम हे सक्तीचंच काम. कारण भुकेची सक्ती हीसुद्धा सक्ती. न्यायमूर्ती भगवतींचं ते निकालपत्र वाचल्यापासून मी ‘स्वखुशी’ हा शब्द जपून वापरते.

आणि गोड शब्दांपासूनही सावध राहायला हवं. तमिळनाडूत कोइंबतूर, तिरुप्पूर, दिंडिगलच्या सूतगिरण्यांत गरीब घरच्या मुलींना तीन वर्षं वसतिगृहात ठेवून राबवायचं आणि शेवटी हुंड्याला कामी येईल अशी रकमेची थैली द्यायची, मधे सोडून गेली तर थैली बुडाली, या पद्धतीचं नाव ‘सुमंगली योजना’. सुवासिनीचं मंगल नाव.

प्रतिसाद

नावांचं निघालंच आहे म्हणून. मेक्सिकोत सीमेजवळच्या अशा कारखान्यांना ‘माकिला’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा मूळ अर्थ, दळून देण्याबद्दल गिरणीवाला धान्यातून किंवा पिठातून काढून घेतो तो वाटा. माल दुसऱ्याचा, हा फक्त दळून देणार. चिनी शब्द सरळ ‘रक्त-घामाचा कारखाना’ असा आहे. आणि आपण पिठाच्या चक्कीलाही गिरणी म्हणतो आणि परळ-लालबागच्या कापड कारखान्यालाही.

त्या गिरण्यांबाबत हाच वाद १८८० च्या आसपास मुंबईत झडला होता. इथले तास कमी करा, मुलांना काढा, असा धोशा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनी लावला होता, कारण मुंबईचा स्वस्त कपडा त्यांना जड जात होता. मुंबईचे मालक म्हणत, ही दया नाही, आमचा धंदा बुडवायचा डाव आहे. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तास ठरवले. मोठ्यांच्या तासांना हातच लावला नाही.

त्या भांडणात मजुराला काय हवं हे विचारलं कुणी? कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर जायबंदी झाल्यास भरपाई. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला. गिरण्या बंद करा, असं त्या अर्जात कुठेही नाही. कुर्ल्याच्या ताईंची आई गाळ्यावर जाऊन उभी राहिली, ती मला याच रांगेत दिसते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कुर्ल्याच्या ताईंचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. शब्द त्यांच्या आईनेच दिला आहे.

नड. आणि त्यावरचं क्रियापद, नाडणे. सावकार कुळाला नाडतो, व्यापारी अडलेल्या शेतकऱ्याला नाडतो. नाडण्यात चोरी नाही, मारहाण नाही. नाडलेला माणूस सावकाराच्या दारी स्वतःच्या पायांनी जातो, पैसे त्याच्या उपयोगीही पडतात, आणि तरीही त्याच्यावर अन्याय झालेला असतो, कारण समोरच्याने भाव मालाचा न लावता त्याच्या नडीचा लावला. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ‘दोघांच्या फायद्याचं शोषण’ अशी संकल्पना पानंच्या पानं समजावून सांगावी लागते. मराठीत तिला एक क्रियापद आहे. शिवाय ते सकर्मक आहे. कुणी नाडलं, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

‘वेठ’चा मुद्दा मला पटतो, पण तो मी टीपेत घेईन. कोंडून ठेवलं, तीन वर्षांची रक्कम अडकवली, तिथे वेठच म्हणेन. कॅलिफोर्नियात एल मोंटे इथे १९९५ साली काटेरी तारांच्या आत ७२ थाई मजूर सापडले होते, ती वेठच. तेव्हा पुस्तिकेतलं ‘गरीब देशांतले’ हे विशेषणही मी तपासून घेते आहे.

आता वाक्यं बघा.

(अ) …त्यानंतर तिथल्या नाडणाऱ्या कारखान्यांना चाप लावणारे कायदे झाले.

(आ) …तेव्हा तिच्यात पाच नाडणारे कारखाने चालू होते.

(इ) काही अर्थतज्ज्ञ म्हणतात की गरीब देशांत नाडणारे कारखाने आहेत ही अडचण नाही, ते फार कमी आहेत ही अडचण आहे.

तिसरं आता वाचता येतं. खुपतं, पण राक्षसी वाटत नाही. उलट त्या अर्थतज्ज्ञाचा युक्तिवाद स्पष्ट होतो. कारखाने वाढले, एका मुलीसाठी चार मालक भांडू लागले की नड कमी होईल, असं त्याचं म्हणणं. विद्यार्थी मग विचारू शकेल की मालक वाढेपर्यंत मधल्या वर्षांचं काय.

प्रतिसाद

तिसरं वाक्य छान. दुसऱ्याला माझी हरकत आहे. राणा प्लाझाच्या भिंतींना आदल्या दिवशी तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं, न आल्यास पगार जाईल असं धमकावून. ११३० हून जास्त माणसं गेली. याला नाडणं म्हणू नका. शब्द थिटा पडतो.

प्रश्नकर्ती

खरं आहे. त्या महिन्यात बांगलादेशात शिलाई कामगाराचं किमान वेतन ३००० टका होतं. महिनाअखेर आठवड्यावर आली होती. पगार जाईल या धमकीला एवढं बळ कुठून आलं, ते या आकड्यात आहे. नाडणं तिथपर्यंतचं. तडे दिसल्यावर माणसं आत घालणं ही वेगळी गोष्ट. दुसरं वाक्य फोडते : “…तेव्हा तिच्यात कपड्यांचे पाच कारखाने चालू होते. रोजच्या दिवशी ते नाडणारे कारखाने होते. त्या सकाळी मालकांनी माणसं मरणाच्या तोंडी दिली.”

एक शेवटचं. ‘पीस-रेट’साठी मी ‘नगावारी मजुरी’ लिहिलं आहे. बरोबर का?

प्रतिसाद

आई ‘नगावर’ म्हणायची. ‘नगावर पैसे’. तेच ठेवा.