क्लासिक ३५० (२०१६): सायलेन्सर गंजून भोक पडलंय, ४,००० च्या आत काय बसवू?

मिऱ्याबंदर: रत्नागिरीत असतो. रॉयल एनफिल्डची २०१६ ची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली, ४१ हजार किमी. सायलेन्सरला मागच्या टोकाकडे खालून गंज लागून भोक पडलंय. करंगळी जाते. कडेला नख लावलं तर पत्रा पोह्याच्या पापडासारखा तुटतो. मी नाक्यावर असतानाच सोसायटीतली कुत्री उठतात. कंपनीचा नवा घेऊ की बाहेरचा? बजेट ४,०००, फिटिंग धरून. वर एक रुपया नाही. फार आवाज नको, थोडा घुमला तर चालेल. (खरं सांगतो, आवडेल.)

कोल्हापुरी_डुगडुग: भावा, ४,००० त काय येतंय? मी फुल सिस्टिम घेतली, बेंड पाईपसकट, स्टेनलेस, आत ग्लासवूल. १४ हजार. संध्याकाळी रंकाळ्यावर नेली की माणसं वळून बघत्यात. एकदाच खर्च कर.

मिऱ्याबंदर: दादा, बजेट ४,०००.

कोल्हापुरी_डुगडुग: वाचलंय की. म्हणून तर सांगतोय, दोन महिने थांब.

पेठेतली_थंडरबर्ड: थांबू नकोस आणि शॉर्ट बॉटलच्या (तो आखूड, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) नादालाही लागू नकोस. मी २,२०० ची लावली होती. चौथ्या दिवशी चौकात अडवलं. हजाराची पावती, ते ठीक. पण सायलेन्सर जागेवर उतरवायला लावला. मेकॅनिक मी बोलवायचा, मजुरी मी द्यायची. नशीब मूळचा माळ्यावर होता, भाऊ रिक्षातून मांडीवर घेऊन आला. त्याच्या नव्या पॅंटवर काजळीचा डाग पडला, तो अजून ऐकवतो. जुना भंगारात देऊ नकोस एवढंच.

मिऱ्याबंदर: जुन्याला भोक आहे ताई.

पेठेतली_थंडरबर्ड: अरे हो.

आरटीओ_जवळचा_काका: हजारावर सुटलात म्हणजे स्वस्तात सुटलात. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला मर्यादा ८० डेसिबल. आमच्या वेळी बुलेट गावात एकच असायची, तिचा आवाज आला की डॉक्टर आले हे कळायचं. आता रात्री दोनला येते ती डॉक्टरची नसते.

इझारकाठी: मी म्युनिकला असतो. इकडे बाहेरच्या सायलेन्सरवर ई-मार्क कोरलेला नसेल तर गाडी तपासणीत पासच होत नाही. आणि शेजारी ऑस्ट्रियात टिरोलच्या काही घाटरस्त्यांवर २०२० पासून, गाडीच्या कागदावर उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर लिहिलेला असेल तर उन्हाळ्यात प्रवेशच नाही. मग गाडी कंपनीची, सायलेन्सर कंपनीचा असला तरी परत फिरायचं. मी स्वतः परत फिरलोय.

कोल्हापुरी_डुगडुग: मग काकांचे ८० आणि तुमचे ९५ कसे?

इझारकाठी: ते ८० धावती गाडी साडेसात मीटरवरून मोजून. माझे ९५ उभ्या गाडीच्या नळीपासून अर्ध्या मीटरवर. दोन वेगळी मापं आहेत. मोबाईलच्या अॅपवर मोजून भांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोल्हापुरी_डुगडुग: रत्नागिरीतनं टिरोलला कुठं जातोय तो.

इंदौरी_प्रेमी: इंदौरी घे, तो मोकळा बाहेरचा सायलेन्सर. १,५०० ते १,८०० त मिळते. मी लावली, पिकअप वाढला. आत जाळी कमी, इंजिन मोकळा श्वास घेतं.

जेटिंगवाला: पिकअप वाढलेला नाही, आवाज वाढलाय. कानाला तो पिकअप वाटतो. एवढ्या मोकळ्या नळीवर कार्बोरेटर तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग काढून बघा, पांढरा दिसेल. चॉकलेटी पाहिजे. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र, एखाद नंबर मोठा लागतो. आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे बुलेट जिथे जगते तिथेच, ताकद घटते.

इंदौरी_प्रेमी: कारण बॅकप्रेशर, म्हणजे नळीतला उलटा दाब, जातं. इंजिनला बॅकप्रेशर लागतंच.

जेटिंगवाला: बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनला *लागत* नाही. लागते ती नळीची बरोबर लांबी आणि व्यास, म्हणजे एका स्ट्रोकचा धूर जाताना मागे ओढ तयार होते आणि पुढच्या स्ट्रोकला सिलिंडर नीट रिकामा होतो. नळी फार मोकळी केली की ती ओढ मोडते. लोक त्याला बॅकप्रेशर म्हणतात.

इंदौरी_प्रेमी: म्हणजे लागतंच ना.

जेटिंगवाला: नाही.

पेठेतली_थंडरबर्ड: माझी तर थ्रॉटल सोडला की फटाके फोडायची. चौकात त्यामुळेच पकडले.

जेटिंगवाला: दर वेळी जेटिंगचाच दोष नसतो. इंजिनच्या हेडपाशी, नळीच्या जोडातलं गॅस्केट जुनं वापरलं आणि तिथून हवा ओढली तरी फुटते. नवीन गॅस्केट शंभर-दीडशे रुपयांचं, तेवढ्यासाठी मेकॅनिक लोक जुनंच ठोकतात.

गॅरेज_चालू_आहे: बाकी राहू दे, दादा, गाडी रोज किती चालते?

मिऱ्याबंदर: साळवी स्टॉप ते मारुती मंदिर. दोन-अडीच किमी. जाऊन येऊन पाच.

गॅरेज_चालू_आहे: मग तेच. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. लांब गेलं की सायलेन्सर तापतो आणि ते वाफ होऊन बाहेर पडतं. तुझा तापायच्या आत ऑफिस येतं. पाणी आम्लट असतं, ते सगळ्यात खोलगट भागात साठतं. भोक तिथेच पडलंय ना? गंज आतून आलाय, समुद्राच्या हवेला उगाच शिव्या. बऱ्याच सायलेन्सरला तळाशी काडीएवढं निचऱ्याचं छिद्र असतं, तेही चिखलाने बुजलेलं असेल. काहीही बसव, पण रविवारी हातखंब्यापर्यंत जाऊन ये. नाहीतर चार-पाच वर्षांनी पुन्हा हाच धागा.

आरटीओ_जवळचा_काका: हे मी सांगणारच होतो.

गॅरेज_चालू_आहे: आणि बजेटमध्ये बसवायचं तर जुना-मूळचा घे. हौशी पोरं शोरूममधून निघाल्या निघाल्या मूळचा काढून बाहेरचा लावतात, तो काढलेला कोरा माल गॅरेजांत पडून असतो. मुंबईला गेलास तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिर. हातात घेऊन हलव. खडखड आली तर आतली जाळी सुटलेली आहे, सोडून दे. लावताना आधी सगळे बोल्ट हातानेच, सैल. मग हेडकडचे नट आवळ, शेवटी मागचा ब्रॅकेट. उलट केलंस तर नळी ताणात राहते आणि ब्रॅकेट तडकतो. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री तेल मार, स्टड हेडमध्ये तुटला तर ४,००० तिथेच जातील. आणि पहिल्यांदा सुरू करायच्या आधी क्रोमवरचे बोटांचे ठसे पुसून घे, एकदा भाजले की जात नाहीत.

कोल्हापुरी_डुगडुग: स्टेनलेसला गंज सहसा येत नाही. १४ हजार.

ब्रेझिंग_झिंदाबाद: पट्टी मारून घेतली तर?

जेटिंगवाला: पत्रा कागदाएवढा झालेला असतो. साध्या वेल्डिंगने भोक मोठं होतं.

पेठेतली_थंडरबर्ड: टिकत नाही. मूळचाच जुना घे.

गॅरेज_चालू_आहे: टिकत नाही. पैसे पाण्यात.

इंदौरी_प्रेमी: टिकत नाही. इंदौरी घे.

(दहा दिवसांनी)

मिऱ्याबंदर: सगळ्यांचे आभार. मिरकरवाड्यात होड्यांच्या इंजिनांचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी हातोडीने टकटक करत कुजलेला भाग शोधला, तळहाताएवढा पत्रा कापून काढला, आतलं काळं पाणी ओतलं (पाव ग्लास तरी असेल, वासाने डोळे चुरचुरले) आणि नवीन पत्रा पितळेने गॅसवर जोडून दिला. ३५० रुपये. निचऱ्याचं छिद्रही पाडून दिलं. क्रोम तेवढ्या भागात निळं-काळं झालंय, पण ते खाली आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही. आवाज थोडा घुमतो. का ते चाचांनाही माहीत नाही.

गॅरेज_चालू_आहे: एक पावसाळा काढ, मग बोलू.

जेटिंगवाला: मग धागा कशाला काढला?

मिऱ्याबंदर: पैसे उरले. रेनसूट घेतला, २,६०० चा. रविवारी हातखंब्याला जायला.

पेठेतली_थंडरबर्ड: कुठल्या कंपनीचा? माझा पहिल्याच पावसात शिवणीतून गळला.

कोल्हापुरी_डुगडुग: २,६०० त काय येतंय? मी घेतलाय तो साडेसहा हजाराचा